पूर्णेवरचा पट

गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या कापूस बाजारात एक पारशी दलाल मला नवल सांगू लागला. म्हणाला, अमेरिकेत कोणा साहेबानं दोन लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवून वरून दांड्यांनी जोडल्या आणि त्यांची एक नाव केली. जोड असे सैल ठेवले की लाटेवर दोन्ही होड्या आपापल्या वर-खाली होतात. तिच्यावर शीड चढवलं आणि शर्यतीत बाकीच्या सगळ्या नावा मागं टाकल्या. मग शर्यतवाल्यांनी ठरवलं की ही नाव नव्हेच, आणि तिला पुढच्या शर्यतींतून काढून टाकलं.

"असं डोकं जगात अजून कुणाचं चाललं नव्हतं," पारशी म्हणाला.

माझ्या हातातला चहा त्याच्या गालिच्यावर सांडला. मी तो मुद्दाम सांडला नाही, पण सावरलाही नाही. अमेरिकेनं एकदा लढाई लावून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, मग लढाई थांबवून आम्हाला खाली बसवलं. ते मी सोसलं. पण हे डोकं चाललं होतं, त्या लढाईच्याच दिवसांत, दर्यापूरच्या खाली पूर्णेच्या घाटावर; आणि ते होतं एका म्हाताऱ्याचं, ज्यानं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्या म्हाताऱ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो जाऊन वर्षं झाली, राग आहे तिथंच आहे. तरी त्याच्या वाट्याचं जे आहे ते मी अमेरिकेला नेऊ देणार नाही. म्हणून हे लिहितो.

म्हातारा जन्मानं शेतकरी आणि स्वभावानं धुरकरी. आमच्याकडे शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि पटातली हलकी गाडी हाकणारा तो धुरकरी. तरुणपणी त्यानं अमरावतीपासून पातूरपर्यंतचे पट मारले होते असं तो स्वतः सांगे, आणि खोटं सांगण्याइतकी त्याला कल्पकता नव्हती. आयुष्यभर धुरेवर उकिडवं बसून त्याचे पाय कंसासारखे वाकले होते. चालताना हात पुढं, मुठी आवळलेल्या, जणू कासरा अजून हातात आहे. वळायचं झालं की आधी एक मूठ मागं ओढी, मग वळे.

कापसाला भाव आला आणि पट बुडाले. ज्याच्याकडे बैल होता त्यानं तो कापसाच्या गाडीला जुंपला. धावण्यासाठी बैल पाळणं म्हणजे गाभणी म्हैस विकून पोपट घेण्यासारखं झालं. म्हाताऱ्याची जोडी, चांद्या आणि भोऱ्या, त्याआधीच म्हातारपणानं गेली होती. नवी जोडी घ्यायची तर बैलांच्या किमती कापसाबरोबर चढलेल्या. शेत त्यानं पुतण्यांना देऊन टाकलं होतं. तेव्हा हा माणूस घाटावरच्या कडुनिंबाखाली झोपडी बांधून राहू लागला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या बैलांना पाहून नाक मुरडू लागला.

माणसं पारखण्याची त्याची एकच रीत होती. आधी खांद्याला हात लावायचा. पहिल्या भेटीत त्यानं माझ्याही खांद्यावर हात ठेवला, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाला, "खांदा चांगला हाय. पन जोडीचा नाई. तुमी एकट्याचे बैल हाय, शेट."

त्याच वर्षी माझे दोन भागीदार मला सोडून गेले होते. हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार.

माझ्या भाचीच्या लग्नाला मी त्याला बोलावलं, ही माझी चूक नव्हे, माझ्या बहिणीची. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, आणि हा पुढं होऊन नवरा-नवरीकडे एक डोळा मिटून पाहतोय. मग भटजींच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "नवरा डाव्या अंगाचा हाय. त्याले उजवीकडं काऊन उभा केला? जोडी वाकडी जाईन न."

नवऱ्याच्या मामानं त्याला मांडवाबाहेर नेलं. बाहेर जाता जाता त्यानं मामाच्याही खांद्याला हात लावला.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी त्या घाटावर पाठीवर ओझी वाहून वर आलेला माणूस. दर्यापूरकडचा कापूस अकोल्याला न्यायचा तर पूर्णा ओलांडावी लागे. रेल्वे येणार, येणार, असं अजून नुसतं ऐकत होतो. भाव असा चढला होता की लोक घरात दडवलेला जुना कापूस भर पावसाळ्यातही बाहेर काढत, आणि नदीला पाणी असलं की घाटाच्या ठेकेदाराच्या नावेवाचून गत नसे. ठेकेदार पलीकडच्या काठचा. माझ्या गाड्या तो मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी उतरवी. भिजत उभ्या गाड्यांकडे पाहून, चार लोक ऐकतील असा म्हणे, "राहू द्या उभा. हमाल हाय, त्याले थांबाची सवय हाय."

तो घाट मला हवा होता. दलाली चालली होती, घर बांधलं होतं, पण घाट हवा होता. त्या माणसानं माझ्या परवानगीची वाट पाहत काठावर उभं राहावं, एवढंच माझं मागणं होतं.

म्हाताऱ्याच्या डोक्यात जोडडोंगा, म्हणजे दोन डोंग्यांची एक नाव, कसा आला हे तो नीट सांगत नसे. मला वाटतं, बैल मिळत नाहीत म्हटल्यावर धावण्यासारखं दुसरं काय आहे ते तो शोधत बसला असेल, आणि समोर नदी होती. एक दिवस माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गाडी द्या. सेमाडोहकडून दोन बैल आनाचे हायेत."

बैल म्हणजे सावरीचे बुंधे, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मेळघाटच्या रानात तो झाडांभोवती गुरांच्या बाजारात फिरतात तसा फिरला. थाप मारी, कान लावी, मागं होऊन उंची बघे. एक सरळसोट, सुरेख झाड त्यानं नापसंत केलं. का, तर मारकं आहे. रानातल्या एका कोरकू माणसानं मला बाजूला घेऊन विचारलं, याला कधीपासून बरं नाही.

ते बुंधे कोरून त्यानं दोन डोंगे केले. डाव्याचं नाव चांद्या, उजव्याचं भोऱ्या. मेलेला भोऱ्या म्हणे थोडा आळशी होता, म्हणून हा डोंगाही आळशी असणार असं त्यानं आधीच ठरवून टाकलं. पाण्यात उजवी बाजू जरा मागं ओढे हे खरं, पण त्याचं कारण म्हातारा स्वतः उजवीकडे रेलून बसे हे होतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आळशी बैलाकडंच रेलून बसा लागते. त्याले वाटलं पाह्यजे आपल्याकडं ध्यान हाय."

पहिल्यांदा त्यानं दोन्ही डोंगे गाडीच्या बैलांसारखे जवळजवळ बांधले. प्रवाहात गेल्यावर ते एकमेकांवर आदळू लागले, मध्ये पाणी उसळून म्हाताऱ्याच्या तोंडात गेलं. ओला होऊन वर आला आणि म्हणाला, "लढून राहिले. नवी जोडी हाय."

मग त्यानं लांब जू केलं, दोघांमध्ये माणूस आडवा मावेल एवढी जागा ठेवली, आणि सगळं दोरांनी आवळून पक्कं बांधलं. मी म्हटलं, हे झालं काम. जरा पाणी वाढलं तर एक डोंगा लाटेवर चढला, दुसरा खड्ड्यात उतरला, आणि जू कडाडून मोडलं. दोन्ही डोंगे दोन दिशांना गेले आणि म्हातारा मध्ये. त्या दिवशी मी काठावर पोट धरून हसलो, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. पुढं जे झालं त्यापुढं ते हसू फार स्वस्तात गेलं.

तो मात्र अंगावरून पाणी निथळत काठावर येऊन बसला. मग म्हणाला, "चूक माही हाय. दोन बैल एकाच टायमाले पाय उचलते का? जू सैल पाह्यजे."

त्यानं कच्च्या चामड्याच्या वाद्या आणल्या आणि दोन जुवं, एक पुढं, एक मागं, अशी बांधली की डोंगे सुटतही नाहीत आणि अडकतही नाहीत. मधोमध आपल्या जुन्या पटाच्या गाडीची बैठक बसवली. प्रत्येक डोंग्याच्या मागं सुकाणूसारखं एक एक वल्हं, त्यांना दोन कासरे, ते हातात. डावा ओढला की डावीकडं. पण चालवायचं कशानं? वल्हवायला तो तयार नव्हता. "बैलाले कोनी मांगून ढकलते का?" असं म्हणून त्यानं तो विषय संपवला. त्यामुळे पुष्कळ दिवस ती जोडी काठाला बांधून होती आणि म्हातारा बैठकीत बसून हाकत होता.

उत्तर वाऱ्यानं दिलं. एकदा त्यानं आपली ओली पासोडी बैठकीतल्या बांबूवर वाळत घातली आणि तंबाखू आणायला झोपडीत गेला. पासोडी फुगली, दोर सुटला, आणि जोडी त्याच्यावाचून निघाली. तीही खाली नव्हे, पश्चिमेच्या वाऱ्यानं उलट, प्रवाहाच्या वर. म्हातारा काठाकाठानं "चांद्या, हो, हो, भोऱ्या" करत वाकड्या पायांनी पळतो आहे, आणि जोडी ऐकत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढं एका बाभळीनं ती अडवली. धापा टाकत तो तिच्याजवळ पोचला तेव्हा मला वाटलं आता मारतो. त्यानं दोघांच्या तोंडावरून हात फिरवला. "धावाची इच्छा हाय त्याईची," तो म्हणाला, "आपुनच समजलो नाई."

त्याच दिवशी मी त्याला शिडासाठी चार नव्या पासोड्या दिल्या. मी धर्मादाय माणूस नाही. पुरात वर चढणारी नाव पूर्णेवर कुणाकडे नव्हती, आणि मला घाट हवा होता. मी ती जोडी विकत मागितली.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं धरून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. या खेळात मला दर्यापूर ते अकोला कुणी हरवलेलं नव्हतं. मी त्याच्या हातावर उपरणं टाकलं आणि त्याची दोन बोटं धरली. त्यानं काहीच केलं नाही. मी तिसरं धरलं. मग चौथं. त्यानं माझा सगळा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नुसता धरून बसला, आजारी माणसाचा धरतात तसा. किती वेळ ते सांगता येत नाही. शेवटी मीच हात काढला.

"सौदा नाई?" मी विचारलं.

"काऊन नाई," तो म्हणाला. "पन तुमाले घाई हाय, मनून तुमचा हात गरम हाय. जोडी विकाची नाई. तुमाले पायजे तवा मी धावडवीन. असंच."

असंच. फुकट. ज्या वस्तूला भाव नाही तिच्यावर माणसानं घासाघीस कशी करावी? मला त्या रात्री झोप आली नाही.

त्यानं शब्द पाळला. श्रावणात पाणी चढलेलं असताना ठेकेदाराची मोठी नाव आठ माणसं वल्हवत पलीकडे निघाली, आणि मी म्हाताऱ्याला खूण केली. त्यानं पासोड्या सोडल्या. ठेकेदाराची नाव मध्यावर असताना हा पलीकडे जाऊन, वळून, परत येत होता. वाटेत त्यानं ठेकेदाराला रामराम घातला. मी आनंदाच्या भरात गुळाचा खडा आणून दोन्ही डोंग्यांच्या नाकाला लावला. ते मला पुढं महाग पडलं.

ठेकेदार तक्रार घेऊन साहेबाकडे गेला. रस्ते आणि घाट पाहणारा एक तरुण साहेब त्या दिवसांत दर्यापुरास तळ देऊन होता, आणि त्याचा शिरस्तेदार कोकणातला होता, ज्याला आमची बोली म्हणजे भांडण वाटे. साहेब घाटावर आला. ठेकेदार म्हणाला, "हे दोन डोंगे हायेत, हुजूर. एक नाव नाई. एका नावेशी दोन नावा धावल्या तं त्याले शर्यत मनत नाई."

साहेबानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "साहेबाची बग्गी दोन घोड्याची हाय. साहेब घरी जाते तवा बाईसाहेब काय मनते? दोन बग्ग्या आल्या?"

शिरस्तेदार भाषांतर करायला कचरला. पण साहेबाला तेवढं मराठी येत होतं. तो हसला आणि त्यानं तिथंच ठरवलं: एका माणसाच्या हातात कासरा, तर नाव एक. ठेकेदारानं आणि मी घाटासाठी सारखीच बोली लावली होती, तेव्हा ज्याची नाव पलीकडे जाऊन आधी परत येईल त्याला या हंगामाचा घाट. आणि दिवस? त्यानं शिरस्तेदाराला विचारलं, घाट पूर्ण रिकामा कधी असतो, एकही गाडी जुंपलेली नसेल असा दिवस? शिरस्तेदारानं चौकशी केली, पंचांग पाहिलं आणि असा दिवस शोधून काढला. अमावस्येचा.

माझ्याही लक्षात आलं नाही. मी घाटाच्या कैफात होतो. त्या दिवशी पोळा आहे हे मला माहीत होतं, पण पोळ्याचा आणि नावेचा काय संबंध? पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. बैलाच्या. वर्षातून तो एक दिवस.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मी म्हाताऱ्याकडे गेलो, उद्याचं ठरवायला. जुवं सोडून निंबाला टेकवून ठेवलेली. दोन्ही डोंगे काठावर ओढून घेतलेले, आणि म्हातारा वाटीत हळद-तूप घेऊन, जिथं जू टेकतं तिथं चोळत बसला होता. खांदमळणी. आमच्याकडे प्रत्येक घरी बैलांची करतात तशीच. चोळून झालं की तो वाकून एकेकाला हळूच म्हणे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"हे काय करून राहिले?" मी म्हटलं.

"दिसते न."

"काका, उद्या शर्यत हाय."

"उद्या पोळा हाय."

"हे लाकूड हाय."

"मांगच्या हप्त्यात तुमी त्याईले गूळ चारला. लाकडाले चारला?"

मी शांतपणे बोलायचा प्रयत्न केला. तो मला नीट जमत नाही, पण केला. साहेब उद्या संध्याकाळीच अमरावतीला निघणार, दिवस बदलणार नाही, घाट उद्या गेला म्हणजे गेला, हे सांगितलं. तो चोळत राहिला. जोशीबुवांना विचारून येतो म्हटलं. "इचारा," तो म्हणाला, "पन जुंपाले जोशीबुवा येनार हाय का?" घाटात अर्धा वाटा देऊ केला. त्यानं ऐकलंसुद्धा नाही. मग मी माझ्याकडचं शेवटचं काढलं. म्हटलं, "जोडी घेऊन देतो. खरी. तुमी पसंत करसान थे बैल. पुन्हा पट मारा."

त्याचा हात थांबला. तुपाचा हात तसाच भोऱ्याच्या खांद्यावर. "खरी?"

"खरी."

भाव जिंकत आल्याचा एक क्षण असतो, तो मी ओळखतो. तो मी बोलून घालवला नाही.

"मंग या दोघाईले काय सांगू?" तो म्हणाला. "तुमाले पोळ्याच्या दिवशी जुंपलं, न खरे बैल घेतले मनून?"

तेव्हा माझा तोल गेला. मी ओरडलो. बुंधे माझ्या गाडीवर आले, कापड माझं आहे, मी जुंपतो, बघतो कोण अडवतं. म्हातारा उठला. पुढचं जू निंबापासून उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"घ्या," म्हणाला. "ठेवा खांद्यावर."

मी जू घेऊन पुढं झालो. बाभळीचं होतं, जड. चांद्याचा खांदा हळदीनं पिवळा झालेला, तुपाचा वास येत होता, तोच वास, जो माझ्या लहानपणी आमच्या गोठ्यात वर्षातून एकदा येई. माझा बाप दुसऱ्याच्या गाडीवर होता. बैल मालकाचे होते, तरी खांदमळणी तोच करायचा. मी उभा राहिलो. एकदा जू वर उचललं. मग खाली ठेवलं.

का, ते मला विचारू नका. मी स्वतःला पुष्कळ विचारलं आहे. एवढंच म्हणतो की तो अडवायला आडवा पडला असता, हातापाया पडला असता, तर मी जुंपलं असतं. त्यानं ते माझ्या हातात दिलं. वस्तूच हातात देऊन मोकळा झाला. आयुष्यात असा सौदा माझ्याशी कुणी केला नाही, आणि याचाच मला राग आहे.

दुसऱ्या दिवशी गावच्या पोळ्यात, आंब्याच्या तोरणाखाली, सजवलेल्या बैलांच्या रांगेत दोन डोंगे उभे होते. बिनचाकाच्या लाकडी घसरगाडीवर चढवून त्याच्या पुतण्यांनी ते स्वतः ओढत आणले होते. अंगावर झूल, नाकाशी बाशिंग. पाटील आधी रागावले, मग म्हाताऱ्याकडे बघून त्यांनी दोघांना कुंकू लावलं. दोघांसमोर पुरणपोळी ठेवली गेली. ती कुणी खाल्ली ते मला ठाऊक नाही, शेजारचा एक बैल मात्र जरा सुस्त दिसत होता म्हणे. घाटावर ठेकेदाराची नाव पलीकडे जाऊन परत आली. तिच्याशी धावायला कुणी नव्हतं. साहेबानं घड्याळ पाहिलं, कागदावर सही केली, आणि पोळा बघायला गावात आला. डोंग्यांपुढं तो बराच वेळ उभा राहिला. त्यानं त्यांचं चित्र काढून घेतलं. मी त्या वेळी घरी दार लावून बसलो होतो. हे सगळं मला मागून कळलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा दारात. "चला," म्हणाला, "जुंपली."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्याजोगं नाही. बोलत बोलतच त्याच्यामागं घाटावर गेलो. काठावर चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव पुरणपोळीनं आडवं झालेलं, ठेकेदाराची माणसं जिंकल्याच्या आनंदात आणखी आडवी. पाणी चढलेलं, वारा पश्चिमेचा, चांगला. त्यानं मला बैठकीत आपल्या पाठीमागं बसवलं आणि पासोड्या सोडल्या.

अर्ध्या नदीपर्यंत मी त्याला शिव्या देत होतो. काल, काल हे करायचं होतं, म्हणून. मग शिव्या द्यायचं राहून गेलं. एक डोंगा चढतो, दुसरा उतरतो, आणि मध्ये आपण, कुठल्याच बाजूला न कलंडता. पाणी दोन्हीकडून सळसळत मागं जातंय. म्हाताऱ्यानं एकदाही आवाज चढवला नाही. नुसता कासरा जरासा ढिला, जरासा घट्ट. पलीकडचा काठ आला म्हणेपर्यंत वळलो, आणि मग तो परत यायचं सोडून वर निघाला, पुराच्या उलट, गावं मागं टाकत. माझं पागोटं उडून गेलं. मी ते मागं वळून पाहिलंही नाही, आणि ते नवं होतं. पूर्णेवर असं काही आधी धावलं नव्हतं, नंतरही नाही, आणि त्या अमेरिकन साहेबाचं त्याच्या समुद्रावर काय व्हायचं ते होवो. परत आलो. म्हातारा भोऱ्याच्या कानाशी म्हणाला, "आज नाई आळस केला."

मी थेट बाजारात गेलो. चावडीसमोर ठेकेदार पान खात बसला होता, शिरस्तेदार कागद बांधत होता, गावचे पंचही होते. मी सगळं सांगितलं. पलीकडे कसं गेलो, आणि पुराच्या उलट गावं मागं टाकत वर कसं चढलो. ऐकून आधी ठेकेदार हसला, मग सगळे. "दलाल हाय," ठेकेदार म्हणाला. "काल हारला, आज सपनात धावला." मी उसळलो. म्हटलं, माझ्यावर विश्वास नको, म्हाताऱ्यावर ठेवा. तो जन्मात खोटं बोललेला नाही हे तुम्हीच सांगता. चला माझ्याबरोबर, आत्ता.

निघाले. पंच, शिरस्तेदार, मागून ठेकेदार, आणि ऐकत बसलेला अर्धा बाजार. म्हातारा निंबाखाली बसून वाद्यांना तेल लावत होता. मी म्हटलं, "काका, सांगा याईले. आज सकाळी नदीत काय झालं, थे सांगा. एवढंच."

त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला खरंच समजेना की एवढे लोक कशासाठी जमलेत.

"सकाळी?" तो म्हणाला. "सकाळी तं म्या जोडीले पानी दाखवाले नेलं होतं."